राखेवरची रेघ

परवा गावाच्या फाट्यावर बसमधून उतरले आणि पाहिलं, तर रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. कापसाच्या गाड्या जाऊ-येऊ लागल्या की आमच्याकडच्या बाभळी अशा पांढऱ्या होतात. काट्याला जेवढा अडकेल तेवढा कापूस झाड ठेवून घेतं. हॉस्टेलमधली माझी एक मैत्रीण मागे गावी आली होती, तिने त्या बाभळींचे फोटो काढले. खरंच छान दिसतात त्या. पण दोन वर्षांपासून ते पुंजके दिसले की मला आधी खाली, पायांशी बघायची सवय लागली आहे.

हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकले. आता आदिलाबादच्या कॉलेजात इंग्रजीतून विज्ञान शिकते, मैत्रिणींशी तेलुगूत बोलते, आणि सुट्टीत घरी आले की माय म्हणते, तुही बोलीच बदलून राह्यली. असेल. पण तो हंगाम मला मराठीतच आठवतो, म्हणून मराठीत लिहिते.

आमचं गाव तेलंगणात, बेल्याच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. घर दोन खोल्यांचं. वेचणी सुरू झाली की बाहेरच्या खोलीतलं सामान आत जातं आणि त्या खोलीत कापूस येतो. आधी गुडघाभर, मग कमरेइतका. दिवाळीपर्यंत खिडकी बुजते. कापूस घरात आला की घरातले आवाज बदलतात. बोललेलं भिंतीवर आपटून परत येत नाही, कापूस ते गिळतो. भर दुपारीही खोलीत संध्याकाळ असते. दवात भिजलेल्या पाल्याचा आणि सरकीचा तेलकट वास येतो. अंगाला बारीक खाज सुटते, ती शेवटची गाडी जाईपर्यंत थांबत नाही. लहानपणी मी आणि दादा त्या ढिगावर उड्या मारायचो आणि बाबा मारू द्यायचे, कारण त्याने कापूस दबतो आणि जागा होते. ढिगाच्या आत काय असेल, असा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. तेव्हा घरात मांजर असायचंच.

शेवटचं मांजर सरकी. अंगाने पांढरी, आणि पाठीवर करडे-काळे ठिपके, कापसातून सरकी दिसावी तसे. दादाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती मांडवातल्या पत्रावळींच्या ढिगात सापडली, तळहाताएवढी. वहिनीला आई नव्हती. नदीपलीकडच्या माहेरी वडील आणि भाऊ, घरात बाईमाणूस नाही. नव्या घरात ती पहिले काही महिने कोणाशी फारशी बोलत नसे, पण चुलीपुढे बसून सरकीशी बोलताना मी तिला ऐकलं होतं. काय बोलत होती ते मुद्दाम ऐकलं नाही.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे शेतात सीतादही करतात. पाच झाडांची पूजा, दहीभाताचा नैवेद्य, चहूकडे थोडा भात शिंपडायचा, मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. हे सगळ्या गावात. आमच्या घरात एक जास्तीची रीत होती. त्या दहीभातातला एक घास पानात बांधून घरी आणायचा आणि मांजरीपुढे ठेवायचा. बाबांच्या वडिलांपासूनचं. कापूस राखते थे, तिचा हिस्सा थे, एवढंच बाबा सांगत. मला हे गमतीचं वाटायचं. कॉलेजात गेल्यावर थोडं लाजिरवाणंही वाटू लागलं होतं, हे कबूल करायला हवं.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पुस्तकं इंग्रजी, आणि मला एकेका ओळीला डिक्शनरी लागायची. पेन्सिलने शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायचा आणि पुढे जायचं, असा माझा अभ्यास. भाद्रपदात एका दुपारी लायब्ररीत एक आरोग्याचं पुस्तक हाती आलं. त्यात लिहिलं होतं की मांजराच्या विष्ठेतून एक जंतू पसरतो आणि गर्भवती बाईला तो लागला तर पोटातल्या बाळाचे डोळे, मेंदू, काहीही जाऊ शकतं. पानाच्या खालच्या ओळीपर्यंत मी अर्थ लिहीत गेले. वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता आणि सरकी तिच्या मांडीवर झोपायची. मी पुस्तक मिटलं.

शनिवारच्या बसने घरी आले आणि जेवण होण्याआधीच सगळं सांगितलं. मला आठवतं, सांगताना माझा आवाज मोठा झाला होता. कॉलेजातून आणलेलं पहिलं काहीतरी मी घराला देत होते. बाबा बराच वेळ विडी हातात धरून बसले, पेटवली नाही. मग मायला म्हणाले, "कापसाच्या घरात मांजर नसलं तं कसं वो?" मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा, पुस्तकात छापलेलं आहे. त्यावर ते लगेच म्हणाले, "छापलं हाय म्हणते तं खरंच असंन. आपल्याले का समजते त्यातलं."

वहिनी एवढंच म्हणाली, "बाई, तुमी शिकल्या सवरल्या. तुमी सांगान तसं." आणि मांडीवरच्या सरकीला उचलून तिने जमिनीवर ठेवलं. सरकी परत मांडीवर चढली. वहिनीने परत खाली ठेवलं. असं तीन-चारदा झालं. शेवटी वहिनीच उठून उभी राहिली.

मांजर कोणाला द्यायचं, हा प्रश्न आला. गावात दिली तर ती परत येणार. मायचा भाऊ, माझा मामा, बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला. क्वार्टरमध्ये उंदीर झालेत असं मामी म्हणतच होती. ठरलं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मीच तिला घेऊन निघाले. बांबूची टोपली, वर मायचं जुनं लुगडं बांधलेलं.

आमच्याकडे मांजर दूर सोडायचं तर पाणी ओलांडून सोडतात आणि त्या पाण्यावर टोपली किंवा पोतं तीनदा फिरवतात. मांजराची दिशा हरवते, घर सापडत नाही. मायने निघताना ते बजावलं. वहिनी फाट्यापर्यंत सोडायला आली होती. बस दिसली तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, फिरवू नका. पुस्तकात थे तं नाही ना लिहेल?" मी मान हलवली. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आदिलाबादला बस बदलली. गुडीहत्नूरला हायवे सोडून ती सागाच्या जंगलाच्या रस्त्याला लागली. कंडक्टरने टोपलीत कोंबडी आहे का विचारलं, मांजर म्हटल्यावर हसला आणि सीटवर बसवू नको म्हणाला. सरकी ओरडत नव्हती. लुगड्याच्या विणीतून तिचा एक डोळा दिसायचा, तोही माझ्याकडे नाही, बाहेर. घाट उतरल्यावर एका नाल्याचा पूल आला. पाणी तांबडं होतं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. माझा त्या रीतीवर विश्वास नव्हता. तरी मांडीवरची टोपली मी फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. शेजारची बाई बघत होती. का फिरवली? बहुतेक, ती परत आली आणि बाळाला काही झालं तर, या भीतीने.

मामाच्या क्वार्टरमध्ये सगळ्यावर काळी धूळ. तासाभरात सरकीचे पांढरे पाय राखाडी झाले. ती बाजेखाली जाऊन बसली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही. खाणीचा भोंगा झाला तेव्हा तिचे कान मागे गेले, एवढंच दिसलं.

त्याच दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सोनं वाटायला आलेले लोक टीव्हीपुढेच बसले. कोणता मंडल कुठे गेला, कोणाला कोणत्या कलेक्टरकडे जावं लागणार, जमिनीच्या उताऱ्याची, पहाणीची नक्कल आता कुठे मिळणार, हेच बोलणं. आम्ही आदिलाबादमध्येच राहिलो, बेल्लमपल्ली मंचेरियालमध्ये गेली. बाबा हसत म्हणाले, "सरकी मामाच्या घरी गेल्ती, आता परजिल्ह्यात राह्यते. वापस यायचं म्हटलं तं दाखला लागंन तिले." सगळे हसले. वहिनी भाकरी थापत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी सीतादही झालं. बाबांनी सवयीने घास पानात बांधून आणला. घरी आल्यावर तो हातात धरून ते दारात थोडा वेळ उभे राहिले, मग चुलीजवळ ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलला निघाले तेव्हा तो तिथेच होता, वरून वाळलेला आणि कडेने कुरतडलेला.

मग कापूस आला. मी फोनवर ऐकत होते. उंदीर झाले. ज्वारीच्या कोठीला भोक पडलं. कापसात दिवसाही खसखस ऐकू येते, असं माय म्हणाली. नंतरच्या फोनवर तिने वेगळंच सांगितलं. उंदरांचा आवाज बंद झाला. बरं झालं, मी म्हटलं. मायने दिवाळीला कधी येतेस ते विचारलं.

दिवाळीला घरी आले. कापूस खिडकीच्या वर गेला होता. आतली खोली सामानाने भरलेली, म्हणून वहिनीची बाज बाहेरच्या खोलीत कापसाला लावून टाकली होती. ऊब राहते, ती म्हणाली. तिला सातवा महिना होता. दुपारी ती कापसाकडे पाठ करून झोपायची आणि मी दारातून बघायचे. पांढरा ढीग तिच्यावर वाकल्यासारखा दिसायचा. खोलीत इतकी शांतता, की तिचा श्वास ऐकू यायचा. कापसात खसखस नव्हती. घरात इतका दाणा असताना उंदीर कुठे गेले, हे मी स्वतःला विचारलं नाही. मला विचारता आलं असतं. मी तेच शिकत होते.

भाऊबीजेला मामा आला. आतापर्यंत फोनवर वहिनी विचारायची आणि तो सांगायचा, आहे, खाते-पिते. आता समोर वहिनी उभी होती आणि त्याला ते जमलं नाही. ओवाळून झाल्यावर मान खाली घालून म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी गेली पोरी थे. भोंगा झाला अन बाजेखालून जे निघाली, थे दिसलीच नाही."

मला वाटलं वहिनी रडेल. तिचा चेहरा उलट उजळला. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "थे इकडं आली." आणि मला हात धरून मागच्या दाराशी घेऊन गेली. तिथे एक जर्मनची वाटी होती. उंदरांचा आवाज थांबला तेव्हा तिला सरकीच आली असं वाटलं, आणि तेव्हापासून आठ दिवस ती त्यात रोज संध्याकाळी दूध ठेवत होती, आणि सकाळी वाटी रिकामी असायची. कोणाला सांगितलं नव्हतं. "बाळासाठी दूर ठेवली तिले, थे समजलं असंन तिले. म्हणून समोर येत नाही. तुमी टोपली फिरवली नाही ना, म्हणून तिले रस्ता सापडला." मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी चुलीतली राख चाळली आणि वाटीभोवती, दारापासून कापसापर्यंत, पातळ पसरली. पाऊल उमटलं तर कळेल, हा माझा विज्ञानाचा प्रयोग. खरं सांगायचं तर मलाही ती हवी होती. ती राखेतून चालत आली असती तर मी टोपली फिरवलीच नव्हती, असं झालं असतं.

उजाडताना उठून पाहिलं. वाटी रिकामी होती. भोवती उंदराची बारीक पावलं, फुलं काढावीत तशी. एकाच उंदराची असावीत. ती पावलं वाटीपासून कापसाच्या दिशेने गेली होती आणि अर्ध्यात संपली होती. तिथून पुढे पाऊल नव्हतं. तिथून कापसापर्यंत एक रेघ होती. बोटभर रुंद, गुळगुळीत, थोडी नागमोडी. रेघेच्या दोन्ही बाजूंना कशाचाही ठसा नव्हता.

मी बाबांना उठवलं. त्यांनी उकिडवं बसून पाहिलं आणि पहिलं काम हे केलं की आत जाऊन वहिनीला, काही न सांगता, हाताला धरून बाहेर अंगणात आणून बसवलं.

बाबा, दादा आणि शेजारचे दोघे दुपारपर्यंत काठ्यांनी कापूस उपसत राहिले. या भिंतीचा त्या भिंतीला. अंगणात सगळ्यांच्या नाकातोंडात कापसाचे तंतू. काही निघालं नाही. शेजारच्या काकांनी ठरवलं की दोरी ओढली गेली असेल राखेवरून. कोणीतरी मला म्हणालं, शिकणाऱ्या पोरीले रेघच दिसते सगळीकडे. हसणं झालं. बाबा हसले नाहीत. त्यांनी वहिनीची बाज आतल्या खोलीत, सामान रचून जागा करून, हलवली, आणि भाव चढायची वाट न बघता चौथ्या दिवशी गाडी बोलावली.

कापूस भरता भरता खाली जमीन दिसू लागली. शेवटचा थर उचलला तेव्हा भिंतीशी, जिथे वहिनीच्या बाजेची उशाकडची बाजू होती, बरोबर तिथे कात सापडली. पूर्ण, तोंडापासून शेपटीपर्यंत. कापसाचे तंतू तिला चिकटले होते. उपसताना काठ्या तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या. गाडीवरच्या माणसाने काठीवर ती उचलली तेव्हा ती त्याच्या छातीपासून जमिनीला टेकत होती. ज्याची ती कात, ते कुठे गेलं हे कोणालाच कळलं नाही. कापसाबरोबर गाडीत गेलं म्हणावं, तर गाडी भरताना कोणी पाहिलं नव्हतं.

वहिनी पोटावर हात ठेवून दारात उभी होती. ती घाबरलेली दिसली नाही. त्या कातीकडे पाहत अगदी साध्या आवाजात मला म्हणाली, "बाई, तुमच्या पुस्तकात पाहा ना. हे कोनाचं हाय?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिचा माझ्यावर खरोखर विश्वास होता. टोमणा असता तर मी सहन केला असता.

पौषात मुलगी झाली. निरोगी, काळेभोर डोळे. चिमी म्हणतात तिला. मी सुटले असं वाटलं, आणि परीक्षेच्या आधी लायब्ररीत तेच पुस्तक परत हाती आलं. माझ्या पेन्सिलचे अर्थ पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत होते. मी पान उलटलं. पलीकडचं पान कोरं, म्हणजे माझ्या अक्षराविना. तिथे लिहिलं होतं की काळजी घेतली तर घरच्या मांजरापासून धोका फार कमी असतो, त्याची घाण दुसऱ्या कोणी काढावी, हात नीट धुवावेत, मांजर घरातून काढण्याची गरज नसते. चार ओळी. मला डिक्शनरीही फारशी लागली नाही. तोपर्यंत माझं इंग्रजी सुधारलं होतं.

हे मी घरी सांगितलेलं नाही. टोपलीचंही नाही. दोन वर्षं झाली. या काळात बाबांनी दोनदा पिल्लू आणायचा विषय काढला. वहिनी नको म्हणते. घरात कोणावर आवाज न चढवणारी ती, या एका गोष्टीत ऐकत नाही. "थे घर विसरली नसंन. येता येता कधी पोचली अन इथं दुसरी दिसली तं?" वाटी अजून मागच्या दाराशी आहे. हल्ली दूध तसंच राहतं. म्हणजे कापसाच्या घरात मांजर नाही, आणि ते का नाही हे त्या घरात फक्त मला माहीत आहे. वहिनी सातवीपर्यंत शिकली आहे. मी जे तिला तोंडाने सांगू शकले नाही, ते इथे लिहिलं आहे. हे पान मी तिच्या हातात देणार आहे. ते तिने शेवटपर्यंत वाचावं.

परवा घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. माय आणि वहिनी अजून शेतातून यायच्या होत्या, बाबा दारात पोत्याला टाके घालत होते. बाहेरच्या खोलीत कापूस कमरेइतका आला होता. चिमी त्याच्यावर एकटी बसून मुठीमुठीने कापूस उडवत होती. बाबा बसू देतात तिला. कापूस दबतो.

मी पिशवी ठेवली. तिने मला पाहिलं, हसली, आणि मग हसणं थांबवून आपल्या पायाशेजारी बघू लागली. तिथे बोट ठेवून म्हणाली,

"आत्या, हाल्लं."

मी तिला उचललं तेव्हा तिच्या मुठीत कापूस तसाच होता. तिला बाबांकडे दिलं, दाराआडची काठी घेतली आणि त्या जागेपासून भिंतीपर्यंत कापूस खाली जमिनीला लागेपर्यंत ढवळत गेले. खाज सुटली, डोळ्यांत पाणी आलं. बाबा चिमीला कडेवर घेऊन दारात उभे होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही, काय शोधतेस.

काही निघालं नाही. त्या वर्षीही, आधी काही निघालं नव्हतं.